मोती रात्री कुठे झोपणार?

प्रवरा नदीच्या काठी, अकोले किंवा संगमनेर तालुक्यातल्या एखाद्या वस्तीवर तुम्ही राहता असे समजा. घराच्या तीन बाजूंना ऊस आहे. पुढे शेणाने सारवलेले अंगण, अंगणात कडुनिंब, पलीकडे गोठा. काल आठवड्याच्या बाजाराहून येताना वडिलांनी पिशवीतून एक पिल्लू आणले आणि तुम्ही त्याचे नाव मोती ठेवले. पिल्लू लहान चणीच्या जातीचे आहे. मोठे झाले तरी आठ-दहा किलोग्रॅमच्या पुढे जायचे नाही. दिवसभर ते अंगणात हुंदडले. आता दिवेलागण झाली आहे. मोतीला रात्री ठेवायचे कुठे?

प्रश्न साधा वाटतो. पण विद्यार्थी मित्रांनो, त्यात प्राणिशास्त्र आहे, भूमिती आहे, पदार्थविज्ञान आहे आणि मोतीचा जीवही आहे. शहरात हाच प्रश्न विचारला तर उत्तर एवढेच मिळेल की कुत्रा रस्त्यावर जाता कामा नये, फाटक लावून घ्या. वस्तीवर मात्र प्रश्नाला दोन बाजू आहेत. आतला बाहेर जाऊ नये ही एक, आणि बाहेरचा आत येऊ नये ही दुसरी. बहुतेक लोक पहिल्या बाजूचाच विचार करतात आणि तिथेच चुकतात.

बाहेरचा म्हणजे कोण, हे अहिल्यानगर जिल्ह्यातल्या वाचकांना सांगायला नको. पूर्वी ज्याला आपण अहमदनगर जिल्हा म्हणत होतो, त्याच्या उत्तर भागात बिबट्या ही आता नवलाची गोष्ट राहिलेली नाही. भंडारदऱ्याचे धरण १९२६ साली पुरे झाले, कालव्यांचे पाणी खाली आले, पुढे सहकारी साखर कारखाने निघाले आणि खोरे उसाने भरून गेले. आडसाली ऊस सोळा ते अठरा महिने शेतात उभा असतो. माणसाच्या डोक्यावरून जाणाऱ्या त्या दाट उसात दिवसासुद्धा दहा पावलांपलीकडचे दिसत नाही. बिबट्या ऊस खात नाही हे खरे. पण त्याला हवा असतो तो आडोसा, पाणी आणि पिले घालायला निवांत जागा. हे तिन्ही त्याला उसाच्या फडात मिळते. चौथी गोष्ट म्हणजे अन्न. ते कुठून येते?

विष्ठेतले केस

डॉ. विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अकोले परिसरात या प्रश्नाचा छडा लावला. वाटांवर आपोआप छायाचित्रे घेणारे कॅमेरे त्यांनी बसवले. माणसाच्या बोटांचे ठसे जसे निरनिराळे, तसे प्रत्येक बिबट्याच्या अंगावरचे ठिपके निरनिराळे असतात. त्यावरून त्यांनी एकेक बिबट्या ओळखला. १९७२ साली आपल्याकडे वन्यजीव संरक्षण कायदा झाला तेव्हा बिबट्या म्हटला की लोकांच्या डोळ्यांसमोर जंगल येई. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात दर शंभर चौरस किलोमीटरला सुमारे पाच प्रौढ बिबटे आढळले, तेही जिथे दर चौरस किलोमीटरला तीनशेहून अधिक माणसे राहतात आणि हरणासारखे वन्य भक्ष्य जवळजवळ नाही अशा शेतीच्या मुलखात!

मग ते खातात काय? याचे उत्तर बिबट्याच्या विष्ठेत सापडले. मांस पचते, केस पचत नाहीत. विष्ठा धुऊन, वाळवून त्यातले केस सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले की ते कोणत्या प्राण्याचे आहेत हे सांगता येते. केसाच्या बाहेरच्या पापुद्र्यावर कौलांसारखी खवल्यांची रचना असते आणि आत मध्यातून एक गाभा गेलेला असतो. त्यांची घडण प्राण्याप्राण्यांत वेगळी असते. तुमच्या शाळेत सूक्ष्मदर्शक असेल तर कुत्र्याचा, शेळीचा, मांजराचा आणि स्वतःचा असे चार केस शेजारी शेजारी ठेवून पाहा. थेंबभर पाणी आणि वर काचेची चकती, एवढे पुरते. (बिबट्याच्या विष्ठेच्या शोधात मात्र उसाकडे जाऊ नका!)

या तपासणीत असे दिसले की बिबट्यांच्या आहारात वजनाच्या हिशेबाने सुमारे ८७ टक्के वाटा पाळीव प्राण्यांचा होता. त्यातही सर्वांत मोठा वाटा कुत्र्यांचा होता, ३९ टक्के. मांजरांचा १५ टक्के आणि शेळ्यांचा ११ टक्के. आता गंमत पाहा. त्या भागात शेळ्यांची संख्या कुत्र्यांच्या जवळजवळ सातपट होती. म्हणजे बिबट्याला सहज भेटायला हव्या होत्या शेळ्या, आणि पोटात गेले कुत्रे.

असे का व्हावे? शेळीचे मांस बिबट्याला नावडते असे समजायचे काही कारण नाही. फरक ठेवण्यात आहे. शेळीबरोबर दिवसा राखण्या असतो आणि रात्री ती गोठ्यात किंवा खोपटात कोंडलेली असते. कुत्रा दिवसरात्र उघड्यावर असतो. बिबट्यांनी जणू आपल्यासाठी एक मोठा प्रयोगच करून ठेवला आहे. दोन प्राणी, एकच मुलूख, एकच शिकारी. फरक फक्त रात्रीच्या निवाऱ्याचा. एका महत्त्वाच्या गोष्टीची भर इथे घातली पाहिजे. बिबट्या साधारणपणे दहा ते चाळीस किलोग्रॅम वजनाचे भक्ष्य पसंत करतो. गावठी कुत्रा यात बरोबर बसतो. मोती त्याहूनही हलका, म्हणजे तोंडात धरून कुंपणावरून उडी मारण्याइतका सोपा.

यावर कोणी म्हणेल, बिबट्याच पकडून दूर नेऊन सोडावा. पण जुन्नर भागात हे करून झाले आहे. पकडलेले बिबटे नेऊन सोडल्यानंतरच्या काळात तिथे माणसांवरचे हल्ले कमी न होता वाढले, असे अभ्यासातून पुढे आले. शिवाय बिबट्या नेला तेथेच राहतो असेही नाही. २००९ साली आपल्याच जिल्ह्यात, पारनेर तालुक्यातल्या टाकळी ढोकेश्वर येथे एक वयस्क बिबट्या विहिरीत पडला. त्याला बाहेर काढून, गळ्यात रेडिओ पट्टा घालून माळशेज घाटात सोडले. शांत स्वभावामुळे त्याला ‘आजोबा’ असे नाव पडले होते. हे आजोबा सुमारे १२० किलोमीटर चालत, महामार्ग आणि लोहमार्ग ओलांडत थेट मुंबईच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानापर्यंत पोहोचले! २०११ साली महामार्गावर वाहनाच्या धडकेने त्यांचा अंत झाला. तेव्हा बिबट्याला हलवण्यापेक्षा मोतीला नीट ठेवणे आपल्या हातातले आहे.

साखळीचे गणित

सर्वांत रूढ उपाय म्हणजे साखळी. झाडाला बांधला की काम झाले! पण जरा हिशेब करा. साखळी दोन मीटर लांबीची आणि खुंटी जमिनीत असेल, तर मोतीला फिरायला मिळणारे क्षेत्र म्हणजे दोन मीटर त्रिज्येचे वर्तुळ, सुमारे साडेबारा चौरस मीटर. खुंटीऐवजी कडुनिंबाचे खोड असेल आणि त्याचा घेर एक मीटर असेल, तर प्रत्येक फेऱ्याला एक मीटर साखळी खोडाभोवती गुंडाळली जाते. दोन फेऱ्यांत मोती खोडाला चिकटून उभा! उन्हाळ्यात पाण्याचे भांडे तीन हातांवर आणि कुत्रा झाडाला जखडलेला, हे दृश्य तुम्ही पाहिले असेलच. साखळीत भोवरकडी असेल तर पीळ बसत नाही, पण खोडाभोवतीचे वेढे ती थांबवू शकत नाही.

यापेक्षा बरी युक्ती म्हणजे दोन खांबांमध्ये तार ताणून तिच्यावर कडी सरकती ठेवायची. तार दहा मीटर असेल आणि दोन्ही बाजूंना दोन-दोन मीटर जाता येत असेल, तर क्षेत्र किती? मधला आयत ४० चौरस मीटर आणि टोकांची दोन अर्धवर्तुळे मिळून साडेबारा, म्हणजे साडेबावन्न चौरस मीटर. साखळी मात्र आता दोन मीटर पुरणार नाही. तार १.८ मीटर उंचीवर असेल आणि मोतीची मान जमिनीपासून ०.३ मीटरवर, तर उभे अंतर १.५ मीटर, आडवे २ मीटर. पायथागोरसचा सिद्धांत लावा. साखळी अडीच मीटर हवी. खांबाजवळ कडी अडेल असा अटकाव तारेला केला पाहिजे, नाही तर पुन्हा खांबाभोवती वेढे. आणि कोणतीही साखळी भिंतीजवळ नको. कुत्रा उडी मारून भिंतीपलीकडे जातो आणि साखळी अलीकडेच अडकते. गळफास बसून कुत्रे मेल्याची उदाहरणे आहेत.

दिवसा, घरातले कोणी अंगणात असताना, ही तारेची व्यवस्था चालेल. रात्री मात्र नको. बांधलेला कुत्रा पळू शकत नाही, लपू शकत नाही, ओसरीवरच्या खाटेखालीसुद्धा शिरू शकत नाही. साखळीने आतल्याला आत ठेवले, बाहेरच्याला कोणी अडवले? मला तर रात्री बांधलेल्या कुत्र्यापेक्षा मोकळ्या कुत्र्याची स्थिती बरी वाटते. निदान पळायला चार पाय तरी असतात. अर्थात आकडे सांगतात की मोकळाही वाचत नाही.

हीच उणीव एका अत्यंत हुशार यंत्रात आहे. १९७० नंतरच्या दशकात अमेरिकेत ‘अदृश्य कुंपण’ निघाले. अंगणाच्या कडेने जमिनीत तार पुरतात, तिच्यातून रेडिओ संकेत जात असतो. कुत्र्याच्या गळपट्ट्यात ग्राहक असतो. कुत्रा तारेजवळ गेला की आधी आवाज आणि मग विजेचा सौम्य झटका. काही दिवसांत कुत्रा हद्द शिकतो. प्राण्याला मुद्दाम यातना देऊ नयेत म्हणून वेल्स देशाने २०१० साली कुत्र्यांच्या अशा विद्युत पट्ट्यांवर बंदी घातली. तो वाद बाजूला ठेवला तरी आपल्या कामाचा मुद्दा वेगळाच आहे. पट्टा मोतीच्या गळ्यात आहे, बिबट्याच्या नाही!

पट्ट्यावरून आठवले. बिबट्या लहान भक्ष्याला मानेवर धरतो, मोठ्याचा गळा दाबून श्वास कोंडतो. म्हणून मेंढपाळांच्या कुत्र्यांना लोखंडी काटे असलेले पट्टे घालायची रीत हिमालयापासून तुर्कस्तानापर्यंत फार जुनी आहे. २०२५ साली शेजारच्या शिरूर तालुक्यात तर माणसांनीच असे काटेरी पट्टे गळ्यात घातले. मोठ्या, धिप्पाड कुत्र्याला पट्ट्यामुळे पहिल्या पकडीतून सुटायची संधी मिळते. आठ किलोग्रॅमच्या मोतीला नुसता पंजाचा फटका पुरेसा आहे. त्याला पट्ट्याचा उपयोग नाही.

कुंपण आणि वीज

बाभळीच्या फांद्यांचे कुंपण शेळ्या अडवते. दगडी किंवा विटांचे पाच फुटी आवार मोतीला नक्की अडवेल. बिबट्या मात्र तीन मीटरपर्यंत उंच उडी घेतो आणि झाडावर चढतो. आवारभिंतीच्या आत आलेला बिबट्या आणि बाहेर जाऊ न शकणारा कुत्रा, हे मिश्रण मोकळ्या अंगणापेक्षाही वाईट. धनगर मेंढ्यांभोवती वाघर लावतात, तीही जाळीच. पण तिच्या भोवती माणसे, शेकोटी आणि मोठे कुत्रे जागे असतात. राखण ती करते असे नाही, तिच्या भोवतालची मंडळी करतात.

तारेत घरातली वीज सोडण्याचा विचार कोणी बोलून दाखवला तर त्याला तुम्ही तिथल्या तिथे थांबवा. घरगुती विजेचा दाब २३० व्होल्ट असतो आणि तारेला चिकटलेल्यातून प्रवाह अखंड वाहत राहतो. छातीतून एक अँपियरचा विसावा भाग गेला तरी हृदयाचे ठोके बिघडून माणूस मरू शकतो. शेतात वापरतात ते झटका यंत्र वेगळे. त्याचा दाब हजारो व्होल्टचा असला तरी प्रत्येक स्पंद सेकंदाच्या अगदी अल्प अंशापुरता असतो आणि दोन स्पंदांत सुमारे सेकंदाचे अंतर असते, त्यामुळे हात सोडवून घेता येतो. दाब जास्त म्हणून धोका जास्त असे नेहमीच नसते, हा धडा त्यातून शिकता येईल. घरच्या विजेच्या तारेने मरतो तो बहुधा पहाटे पाणी द्यायला निघालेला शेजारी, आणि तो गुन्हाही आहे.

चारी बाजूंनी आणि वरूनही

उरतो तो पिंजरा. म्हणजेच शेळीची युक्ती. मोतीला रात्री घरात घेता आले तर सर्वांत उत्तम, पुढचे वाचण्याचीही गरज नाही. पण पुष्कळ घरांत जागा नसते किंवा आजीला कुत्रा घरात चालत नाही. तेव्हा गोठ्याला किंवा घराच्या भिंतीला लागून दोन मीटर लांब आणि दीड मीटर रुंद जागा घ्या. भिंतीला लागून घेतल्याने एक बाजू फुकट मिळते. उंची माणसाला आत वाकून झाडता येईल इतकी, म्हणजे दीड मीटरहून थोडी जास्त असावी.

जाळी कोणती? कोंबड्यांच्या खुराड्याची पातळ षट्कोनी जाळी स्वस्त मिळते, पण ती कामाची नाही. तारेचे बळ तिच्या काटछेदाच्या क्षेत्रफळावर, म्हणजे व्यासाच्या वर्गावर अवलंबून असते. दीड मिलिमीटरऐवजी तीन मिलिमीटर जाडीची तार घेतली तर ती दुप्पट नव्हे, चौपट ताण सोसते. वेल्डिंग केलेली तीन मिलिमीटरची जाळी लोखंडी अँगलच्या चौकटीवर सगळीकडून पक्की करून घ्यावी. भोके किती मोठी असावीत? प्रौढ बिबट्याच्या पंजाचा ठसा सात-आठ सेंटिमीटर रुंद असतो, पण पंजा आवळून तो याहून लहान फटीतही नखे घालू शकतो. म्हणून भोके एक इंची असलेली बरी. शिवाय तळापासून अर्धा मीटर उंचीपर्यंत पत्रा किंवा फळी मारली तर जाळीला टेकून झोपलेल्या मोतीपर्यंत नख पोहोचणार नाही. वाऱ्यासाठी वरची जाळी आहेच.

खांब कमीत कमी दीड फूट खोल पुरून काँक्रीट भरावे. हलका, नुसता ठेवलेला पिंजरा उलटा पडतो. तळाला कोबा करावा. कुत्रा आतून उकरतो, हे तुम्हांला माहीत आहेच; लहान जातींचे काही कुत्रे तर उकरण्यासाठीच पैदास केलेले आहेत. कोबा परवडत नसेल तर जाळीचा दीड फुटी पट्टा जमिनीलगत आडवा पसरून त्यावर माती आणि दगड टाकावेत. उकरणारा प्राणी अडथळ्याच्या अगदी मुळाशीच उकरतो, मागे सरकून उकरण्याचे त्याला सुचत नाही. कोब्याला पन्नासास एक असा उतार द्या, म्हणजे दोन मीटरला चार सेंटिमीटर. धुतलेले पाणी साचत नाही.

दार लावताना बहुतेक गवंडी-लोहार ते आत उघडणारे लावतात. ते बाहेर उघडणारे असावे. बिबट्या बाहेरून रेटतो. दार आत उघडणारे असेल तर सगळा भार एकट्या कडीवर येतो. बाहेर उघडणारे असेल तर जितके रेटावे तितके ते चौकटीवर घट्ट बसते. कडी दोन ठिकाणी असावी, वर आणि खाली, आणि कोयंड्यात खिळा अडकवलेला असावा.

आता छप्पर. वरून उघडा पिंजरा म्हणजे पिंजराच नव्हे. आधी जाळी, तिच्यावर पत्रा, आणि पत्र्यावर उसाचे पाचट. पाचट कशाला? कुत्र्याला आपल्यासारखा सर्वांगाला घाम येत नाही. घर्मग्रंथी मुख्यतः पंजांच्या गादीत असतात. तो जीभ बाहेर काढून धापा टाकतो आणि जिभेवरच्या पाण्याची वाफ होऊन उष्णता जाते. एक ग्रॅम पाण्याची वाफ व्हायला सुमारे ५८० कॅलरी लागतात. पण भोवतालची हवाच कोंदट आणि तापलेली असेल तर हा उपाय तोकडा पडतो. कुत्र्याच्या शरीराचे तापमान साधारण ३८ ते ३९ अंश सेल्सिअस असते आणि आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी ओलांडतो. उघड्या पत्र्याखाली आणि पाचट टाकलेल्या पत्र्याखाली एकेक तापमापक दुपारी दोन वाजता टांगून पाहा. वहीत आठवडाभर नोंद करा. पिंजरा रात्रीसाठी आहे, दुपारी मोतीला त्यात कोंडू नये, हे तर आलेच. पण रात्रीही आत पाण्याचे भांडे हवे.

पिंजऱ्याची जागा उसाकडे तोंड करून नसावी. बिबट्या दबा धरून जवळ येतो आणि शेवटची थोडी झेप वेगाने घेतो. म्हणून भोवतालचे गवत, तुरीच्या काड्यांचे ढीग, घाणेरीची झुडपे काढून टाकावीत. दिवा लावला तर बिबट्या घाबरेलच असे नाही, पण तुम्हांला खिडकीतून दिसेल, आणि ते फार मोलाचे आहे. मोती मध्यरात्री जीव तोडून भुंकू लागला तर दार उघडून धावू नका. आधी मोठ्या माणसांना उठवा, आतूनच बॅटरीचा झोत टाका, पत्रा किंवा ताट वाजवा. पिंजरा भक्कम असेल तर मोतीला तुमची तेवढी घाई नसते. हे लिहिताना माझ्या मनात मोतीपेक्षा तुमचीच काळजी जास्त आहे, हे सांगून टाकतो.

खरकट्याचे पाहा. वस्तीच्या कडेला टाकलेले शिळे अन्न आणि मेलेल्या कोंबड्या मोकाट कुत्र्यांना बोलावतात, आणि मोकाट कुत्र्यांच्या मागे बिबट्या येतो. खड्डा करून त्यात ते पुरले तर पिंजऱ्याचे निम्मे काम हलके होते. मोकाट कुत्र्यांपासून पिसाळण्याचा धोका असतो तो वेगळाच. मोतीला तीन महिन्यांचा झाल्यावर पशुवैद्यकीय दवाखान्यात नेऊन रेबीजची लस टोचून घ्या आणि पुढेही वेळच्या वेळी टोचत राहा.

पहिल्या रात्री मोती पिंजऱ्यात रडेल. दुसऱ्या रात्रीही. त्याला ओढत नेऊन आत ढकलाल तर तो पिंजरा पाहताच खाटेखाली दडेल. त्यापेक्षा आठवडाभर संध्याकाळची दूधभाकरी दार उघडे ठेवून आतच द्या आणि त्याच्या झोपायच्या गोणपाटावर तुमचा जुना सदरा टाका. कुत्र्याचे नाक त्याच्या डोळ्यांपेक्षा पुष्कळ तीक्ष्ण असते. सदऱ्याचा वास त्याला तुम्ही जवळ असल्यासारखा वाटतो. पहिले तीन दिवस दार मुळीच लावू नका, चौथ्या दिवशी खाऊन होईपर्यंतच लावा, मग वेळ वाढवत न्या. गोणपाट दर आठवड्याला उन्हात टाका, नाही तर गोचिडांची पैदास होईल. आणि कड्या रोज रात्री एकाच माणसाने लावायच्या, असे घरात ठरवून घ्या. दोघांनी लावायच्या ठरल्या की प्रत्येकाला वाटते, दुसऱ्याने लावल्या असतील.